‘विनाअनुदानित’ : एका प्रशासकीय शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

प्रास्ताविक

शिर्डी परिसरात पैसा देण्याच्या क्रियेला अनेक नावे आहेत. भाविक दानपेटीत टाकतो ते दान, पावती घेऊन देतो ती देणगी आणि साईबाबा आपल्या भक्तांकडून मागून घेत असत ती दक्षिणा. ऊस उत्पादकाच्या बिलातून शिक्षणसंस्थेसाठी वळती केली जाते ती कपात. या प्रत्येक शब्दात देणारा कोण आणि घेणारा कोण हे उघड असते. आपल्या महाविद्यालयीन जीवनात मात्र या सर्वांपेक्षा अधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द पैसा न मिळण्याचा आहे. तो शब्द म्हणजे ‘विनाअनुदानित’.

एकाच महाविद्यालयात, एकाच वेळापत्रकानुसार, लगतच्या दोन वर्गांत दोन अध्यापक शिकवीत असतात. एक अनुदानित पदावर असतो, तर दुसरा विनाअनुदानित विद्याशाखेकडे. विद्यार्थ्यांना हा भेद सहसा जाणवत नाही. तो हजेरीपत्रकाला ठाऊक असतो आणि महिनाअखेरीस बँकेला. सभोवती इतका व्यवहार ज्या शब्दावर चालतो, त्या शब्दाकडे शब्द म्हणून आपण क्वचितच पाहतो. प्रस्तुत लेखात ‘विनाअनुदानित’ या शब्दाची घडण, त्याचा इतिहास आणि वापर यांचा विचार केला आहे. या विचारातून पुढे येणारी मुख्य गोष्ट अशी की, पैसा कोण देत नाही एवढेच हा शब्द सांगतो. मग तो कोण देतो किंवा कोणाच्या पदरातून जातो, याबाबत तो मौन पाळतो.

शब्दाची घडण

‘दा’ धातूपासून ‘दान’ आणि ‘अनु’ हा उपसर्ग लागून ‘अनुदान’. ‘अनु’ म्हणजे मागून, अनुसरून. अनुकरण, अनुयायी, अनुवाद या शब्दांत हाच अर्थ आहे. दान स्वेच्छेने दिले जाते. अनुदान कशाला तरी अनुसरून, म्हणजे नियमाला, निकषाला, झालेल्या खर्चाला अनुसरून दिले जाते. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात हा भेद होता असा दावा येथे करावयाचा नाही; परंतु व्यवहारात तो तंतोतंत उतरला आहे, हे मान्य करावे लागते.

पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. ‘दा’ धातूचे भूतकालवाचक विशेषण ‘दत्त’ असे होते. ‘अनुदानित’ हा शब्द त्या मार्गाने आलेला नाही. पुष्प ज्याला आले ते पुष्पित, पालवी ज्याला फुटली ते पल्लवित, त्याप्रमाणे अनुदान ज्याला प्राप्त झाले ते अनुदानित, अशी ही नामाला ‘इत’ प्रत्यय लागून झालेली रचना आहे. म्हणजे ‘अनुदानित’ हे विशेषण मुळात दिलेल्या पैशाचे नसून पैसा मिळालेल्या संस्थेचे आहे. येथपर्यंत सर्व सुरळीत आहे.

अडचण ‘विना’पाशी येते. मराठीत ‘विना’ नामानंतर येतो तेव्हा तो शब्दयोगी असतो: पैशाविना, पाण्याविना. नामापूर्वी आला की सामासिक शब्द तयार होतो: विनाकारण, विनाअट, विनाविलंब, विनामूल्य, विनापरवाना, विनातिकीट. या सर्व उदाहरणांत ‘विना’पुढे नाम आहे, विशेषण नाही. विशेषणाचा नकार करावयाचा झाल्यास मराठी भाषक ‘अ’ किंवा ‘अन्’ वापरतो. अविवाहित, अशिक्षित, अप्रकाशित, आणि रेल्वेच्या डब्यावर लिहिलेले अनारक्षित. ‘विनाविवाहित’ असे कोणी म्हणत नाही. या नियमाने पाहता नामाचे ‘विनाअनुदान’ व्हावयास हवे होते, अथवा विशेषणाचे ‘अननुदानित’. पैकी पहिले रूप शासकीय भाषेत ‘विनाअनुदान तत्त्वावर’ या पदबंधात टिकून आहे. दुसरे उच्चाराला अवघड असल्यामुळे रुजले नसावे. ‘विनाअनुदानित’ या रूपाला सोबती शोधू गेल्यास एस.टी. महामंडळाची ‘विनावातानुकूलित’ गाडी आठवते. दोन्ही शब्द कार्यालयात जन्मलेले आहेत. इंग्रजीतील ‘नॉन’ आणि ‘अन्’ या नकारांना एकच मराठी प्रतिरूप हवे होते, आणि ते काम ‘विना’कडे सोपविले गेले, असे दिसते.

व्याकरणाचा आग्रह धरून या शब्दाला अशुद्ध ठरविण्यात अर्थ नाही. रूढीने तो सिद्ध झालेला आहे. मात्र त्याचा विग्रह दुसऱ्या प्रकारेही करता येतो, आणि तो विग्रह वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. ‘विनाअनुदान’ या नामाला ‘इत’ प्रत्यय लागला असे मानले, तर अर्थ होतो: ज्याला अनुदानाचा अभाव प्राप्त झाला आहे ते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. शासन नव्या शाळेला अथवा महाविद्यालयाला ‘विनाअनुदान तत्त्वावर’ मान्यता देते, तेव्हा हा अभाव खरोखरच आदेशाने, क्रमांक-दिनांकासह, प्रदान केलेला असतो. ज्याला कोणी काही दिले नाही तो निराधार. ज्याला न देण्याचे लेखी ठरले आहे तो विनाअनुदानित.

‘विना’ची छटाही लक्षात घेण्याजोगी आहे. विनामूल्य, विनाशुल्क, विनातक्रार या शब्दांत ‘विना’ सुखद आहे. विनापरवाना आणि विनातिकीट यांत तो दोष दाखवितो. ‘विनाअनुदानित’मध्ये तो यांपैकी काहीच करीत नाही. बेघर, अनाथ, पोरका या शब्दांतील करुणाही त्यात नाही. फाइलीतील शब्दाला असावी तशी कोरडी तटस्थता त्यात आहे. तरीही एक विसंगती राहतेच: विनाशुल्क शिक्षणात विद्यार्थ्याला काही द्यावे लागत नाही, तर विनाअनुदानित शिक्षणात सर्वाधिक द्यावे लागते. ‘विना’ तोच आहे, उणे झालेली बाजू मात्र बदलली आहे.

‘सहायक’ हा विसरलेला शब्द

अनुदानाच्या कल्पनेचा आधुनिक उगम 1854 च्या वुडच्या खलित्यात आहे. स्थानिक व्यवस्थापन असावे, तपासणी मान्य असावी, अल्प का होईना पण विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जावे, अशा अटींवर खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचे धोरण त्यात मांडले होते. 1882 च्या हंटर आयोगाने खाजगी प्रयत्नांना उत्तेजन देणाऱ्या याच धोरणाचा पुरस्कार केला. या मदतीचे इंग्रजी नाव ‘ग्रँट-इन-एड’. त्याचे पूर्ण मराठी रूप ‘सहायक अनुदान’ आजही अर्थसंकल्पीय भाषेत आढळते. ‘सहायक’ या विशेषणातच मूळ विचार आहे: संस्थेजवळ स्वतःचे काही साधन आहे आणि सरकार त्यास हातभार लावते. पुढे अध्यापकांच्या वेतनाचा संपूर्ण भार शासनाने उचलला, वेतन अनुदान आणि वेतनेतर अनुदान असे भेद झाले आणि बोलण्यातून ‘सहायक’ गळून पडला. जे पूरक होते तेच मुख्य झाले. मुख्य झाल्यानंतरच त्याच्या अभावाला स्वतंत्र नाव देण्याची गरज निर्माण झाली.

त्यापूर्वी सरकारी मदतीशिवाय चालणाऱ्या शाळा नव्हत्या असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक प्रभृतींनी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले ते सरकारी मदतीवर विसंबून नव्हे. बंगालच्या फाळणीनंतरच्या काळातील राष्ट्रीय शाळांना तर सरकारचा पैसा नकोच होता. 1948 मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था लोकाश्रयावर तगली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. यांपैकी कोणत्याही शाळेला आज आपण वापरतो त्या अर्थाने ‘विनाअनुदानित’ म्हणता येणार नाही. तेथे अनुदान नसणे ही एक भूमिका होती अथवा एक घटना होती. ती संस्थेची जात नव्हती.

ही जात 1983 मध्ये निर्माण झाली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना शासनाने अभियांत्रिकी व अन्य व्यावसायिक महाविद्यालये विनाअनुदान तत्त्वावर काढण्यास खाजगी संस्थांना परवानगी दिली. या निर्णयाचे दर्शन आपल्या परिसराइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच घडेल. राहाता तालुक्यातील लोणी, शेजारचे कोपरगाव आणि संगमनेर या तीनही ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये 1983 चीच आहेत. तिन्ही ठिकाणी सहकारी साखर कारखानदारीची पार्श्वभूमी आहे. लोणीत पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला हंगाम 1950 च्या अखेरीस सुरू झाला होता. म्हणजे ‘विनाअनुदानित’ असा शिक्का बसलेल्या या पहिल्या पिढीच्या संस्था निराधार नव्हत्या. त्यांच्यामागे उसाच्या शेतीतून उभे राहिलेले सामूहिक भांडवल होते, नेतृत्व होते आणि शहरातील महाविद्यालयात प्रवेश न मिळणारा ग्रामीण विद्यार्थी होता. शिर्डीतील उदाहरण आणखी वेगळे आहे. येथील संस्थानाच्या शाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्यामागे भाविकांच्या देणगीचे बळ आहे. लोणीसारखे भांडवल पाठीशी असणारी संस्था आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन एखाद्या वाडीवर चालणारी शाळा या दोहोंना शासकीय पत्रव्यवहारात एकच विशेषण लागू शकते, ही या शब्दाची पहिली मर्यादा होय.

दुसरी मर्यादा अशी की, ‘विनाअनुदानित’ म्हणजे ‘सार्वजनिक पैशाविना’ नव्हे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या व शुल्कप्रतिपूर्ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, तसेच शिक्षण हक्क अधिनियम, 2009 अन्वये विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के प्रवेशांपोटी द्यावयाची प्रतिपूर्ती, या सर्व वाटांनी शासनाचा पैसा या संस्थांत येतो. तो विद्यार्थ्याच्या नावाने येतो म्हणून त्याला अनुदान म्हणत नाहीत. तेव्हा शब्दाचा काटेकोर अर्थ एवढाच उरतो: अध्यापक व कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी राज्याकडून नियमित रक्कम न मिळणारी संस्था.

‘कायम’

या शब्दाच्या चरित्रातील सर्वांत नाट्यमय प्रकरण त्याच्या मागे लागलेल्या एका अरबी विशेषणाचे आहे. पूर्वी नव्या शाळेला आरंभीची काही वर्षे विनाअनुदान आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने अनुदान असा क्रम असे. ‘विनाअनुदानित’ या शब्दात तोवर ‘अद्याप’ हा अर्थ गृहीत होता. 2001 मध्ये नव्या संस्थांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण आले आणि ‘अद्याप’ची जागा ‘कधीच नाही’ने घेतली.

मराठी माणसाच्या कानाला ‘कायम’ हा शब्द गोड लागतो. नोकरीत कायम होणे, कायमचा पत्ता, मत कायम असणे, या सर्वांत स्थैर्य आहे. शिक्षकाच्या आयुष्यात तर ‘कायम’ या शब्दासाठी परिवीक्षेची वर्षे मोजली जातात. त्याच शब्दाने येथे अभाव स्थिर केला. शाळा कायम विनाअनुदानित आणि तीत शिकविणारा तात्पुरता, असे हे व्यस्त प्रमाण होते.

20 जुलै 2009 च्या शासन निर्णयाने, इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळून, ‘कायम विनाअनुदानित’मधील ‘कायम’ हा शब्द काढून टाकण्यात आला. एखाद्या शासन निर्णयाचा विषयच एक शब्द वगळणे हा असावा, अशी उदाहरणे भाषेच्या अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयांबाबत असाच निर्णय 2014 मध्ये झाला. शब्द गेला, पण पैसा आला नाही. शाळेच्या पाटीवर उरलेला ‘विनाअनुदानित’ पूर्वीसारखा ‘अद्याप’चा अर्थ देऊ लागला, इतकाच फरक पडला. त्यानंतर निकष ठरले, मूल्यांकने झाली. ‘मूल्यांकनास पात्र’, ‘अनुदानास पात्र’, ‘घोषित’, ‘अघोषित’, ‘त्रुटीपूर्तता’ अशी शब्दांची एक उतरंडच तयार झाली. एखादी शाळा अनुदानास पात्र असूनही घोषित नसू शकते आणि घोषित असूनही अनुदानाविना राहू शकते, हे या क्षेत्राबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण जाते. 2016 मध्ये पात्र शाळांना 20 टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि 2023 मध्ये 20, 40 व 60 टक्के असे टप्पे आले. मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षकांनी पुनःपुन्हा धरलेली धरणी या टप्प्यांच्या आगेमागेच आहेत. या काळात ‘अंशतः अनुदानित’ हा मधला शब्द प्रचलित झाला आणि शिक्षकखोलीत त्याचे सुटसुटीत रूपांतरही झाले: “आम्ही चाळीसवर आहोत.”

बोलीतील रूपे

प्रत्यक्ष बोलण्यात ‘विनाअनुदानित’ हा सप्ताक्षरी शब्द क्वचितच येतो. तेथे ‘नॉनग्रँट’ आणि ‘ग्रँटेबल’ चालतात. ‘ग्रँटेबल’ हे इंग्रजीच्या जाणकारास खटकेल. शब्दशः त्याचा अर्थ ‘देण्याजोगे’, मराठीत मात्र त्याचा अर्थ ‘मिळत असलेले’ असा झाला आहे. विवाह जुळविताना “मुलगा ग्रँटेबलला आहे का?” ही चौकशी आपल्या भागात अपरिचित नाही. तेथे विचारले जात असते ते संस्थेविषयी नव्हे, वेतनाविषयी.

शिक्षणाबाहेर हा शब्द घराघरांत पोहोचला तो 2012 मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात केंद्राने सवलतीच्या गॅस सिलिंडरची संख्या वर्षाला सहावर आणली. ती 2013 मध्ये नऊ आणि 2014 मध्ये बारा झाली. सहानंतरच्या टाकीला वृत्तपत्रांनी ‘विनाअनुदानित सिलिंडर’ म्हटले. ‘ग्रँट’ आणि ‘सबसिडी’ या दोन भिन्न कल्पनांना मराठीत ‘अनुदान’ हा एकच शब्द असल्याने हे शक्य झाले. ठिबक संचाचे अनुदान, 2023 मधील कांद्याचे अनुदान आणि महाविद्यालयाचे वेतन अनुदान शेतकरी कुटुंबातील अध्यापकाच्या घरी एकाच दिवशी चर्चेत असू शकतात. सिलिंडरच्या बाबतीत मात्र शब्दाने काही लपविले नाही. अनुदान नाही म्हणजे उरलेली किंमत ग्राहकाने भरावयाची, हे टाकी दारात येताच कळत होते. शाळेच्या बाबतीत उरलेली किंमत कोण भरतो? काही पालक भरतो. काही संस्था भरते. उरलेली शिक्षक भरतो, आणि ती कोणत्याही पावतीवर नोंदली जात नाही.

महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, 2012 ने हे मौन संपविण्याचा प्रयत्न केला, असे शब्दापुरते म्हणता येईल. ‘स्वयंअर्थसहाय्यित’ हा शब्द (‘साहाय्य’ या शुद्ध रूपाकडे अधिनियमाने दुर्लक्ष केले आहे, ते असो) अभाव सांगत नाही, स्रोत सांगतो. पण ‘स्वयं’ म्हणजे कोण? संस्थेच्या जमाखर्चात ‘स्वयं’ या सदराखाली प्रामुख्याने पालकांनी भरलेले शुल्क असते.

संस्थेचे विशेषण, माणसाचे विशेषण

न्यायालयीन भाषेत या शब्दाला वेगळेच तेज आहे. टी. एम. ए. पै फाउंडेशन (2002) आणि महाराष्ट्रातून उद्भवलेला पी. ए. इनामदार (2005) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांची स्वायत्तता मान्य केली. नफेखोरी व कॅपिटेशन शुल्काला मनाई असली, तरी शासनाचे अनुदान नसल्यामुळे शासनाचे नियंत्रणही मर्यादित राहते, असा त्याचा आशय होता. इनामदार निर्णयानंतर 93 वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद 15(5) आला. त्यात राज्याची मदत घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही खाजगी संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात 2015 च्या प्रवेश व शुल्क विनियमनाच्या अधिनियमाने तर ‘विनाअनुदानित’ हा शब्द आपल्या शीर्षकातच घेतला. या परंपरेत ‘विनाअनुदानित’ म्हणजे स्वातंत्र्याचा दावा करू शकणारी संस्था.

हेच विशेषण संस्थेवरून तुकडीवर, तुकडीवरून पदावर आणि पदावरून व्यक्तीवर सरकत जाते, तेव्हा त्याचा अर्थ उलटतो. “त्या मॅडम विनाअनुदानित आहेत” हे वाक्य आपण सहज बोलतो. व्याकरणदृष्ट्या ते चुकीचे आहे, कारण अनुदान व्यक्तीला नसतेच, ते संस्थेला असते आणि व्यक्तीला असते ते वेतन. वेतन देण्याची जबाबदारी नियोक्त्याची, म्हणजे संस्थेची. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 च्या कलम 3 मध्ये हा मुद्दा निःसंदिग्ध आहे. राज्य शासनाकडून अनुदान मिळत असो वा नसो, तो अधिनियम सर्व खाजगी शाळांना लागू आहे. वरिष्ठ महाविद्यालयांत त्याची जागा विद्यापीठाचे परिनियम आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमने घेतात. तेथेही अध्यापकाची पात्रता अनुदानानुसार बदलत नाही. नेट, सेट, पीएच.डी. दोघांनाही सारखीच. कायद्याने जो भेद अध्यापकाच्या सेवेत केला नाही, तो एका विशेषणाच्या सरकण्याने रूढ झाला. “विनाअनुदानित आहे, म्हणून वेतन कमी” या वाक्यातील ‘म्हणून’ कोणी तपासून पाहत नाही.

याची सर्वांत बोचरी बाजू निवृत्तिवेतनाच्या प्रश्नात दिसते. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्यात नव्याने सेवेत येणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू झाली. जे शिक्षक त्या दिवसापूर्वीच रीतसर नियुक्त होते, परंतु ज्यांची शाळा त्या दिवशी विनाअनुदानित वा अंशतः अनुदानित होती आणि शंभर टक्क्यांवर नंतर आली, त्यांचे काय, हा वाद वर्षानुवर्षे मंत्रालयात आणि न्यायालयात चालला. शिक्षकाच्या सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर नियुक्तीचा दिनांक असतो. वादात विचार होत होता तो दुसऱ्याच दिनांकाचा: ‘विना’ गळून ‘अनुदानित’ हे विशेषण शाळेला पूर्णांशाने कोणत्या दिवशी लागले, त्या दिनांकाचा.